ट्रकच्या केबिनात पार्किंग एसी आणि आपोआप चालू होणारं इंजिन: एक उन्हाळा वापरल्यावर

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. अर्धं काम त्यांनी खरंच झकास केलंय आणि उरलेलं असं केलंय की शिरपूरला एका मेकॅनिकची बोटं जाता जाता राहिली. इंदूरला देवास नाक्याकडे जी ट्रकवाल्यांची दुकानं आहेत त्यातलंच एक समजा.

आपल्याकडे तीन गाड्या आहेत, त्यातली ही दहा चाकी, 2018 ची, बीएस 4, केबिन साधं, एसी नाही. इंदूरहून सोयाची डीओसी (तेल काढलेली पेंड) न्हावा शेवाला आणि येताना भिवंडीतून जे मिळेल ते. गाडी चालवणारे काका माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो आणि ते मला अजून बाळ म्हणतात, माझं वय सत्तेचाळीस. गेल्या उन्हाळ्यात धुळ्याहून त्यांचा सकाळी सहाला फोन आला, बाळ, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, मी दहापर्यंत गाडी हलवणार नाही. साठीच्या आसपासचा माणूस, कधी तक्रार न करणारा, म्हणून यंदा मार्चमध्येच ठरवलं की काहीतरी करायचं.

आता नवीन गाड्यांना एसी केबिन सक्तीचं झालंय हे माहीत असेलच, 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या साडेतीन टनांच्या वरच्या सगळ्या मालवाहू गाड्यांना. चांगलंच झालं, उशिराच झालं. पण त्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, इंजिन बंद की पाच मिनिटांत केबिन परत तवा. म्हणजे चालवताना गारवा आणि झोपताना घाम, आणि माणूस थकतो तो झोप न झाल्यानं. माझ्या ओळखीच्या एकानं नवीन एसी गाडी घेतली, त्याचा ड्रायव्हर रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपतो आणि महिन्याअखेरीस डिझेलच्या हिशोबावरून दोघांची जुंपते. शिवाय बीएस 6 मध्ये तासन्‌तास आयडलवर (उभ्या गाडीत नुसतं चालू) इंजिन ठेवलं की सायलेन्सर पुरेसा तापत नाही, डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते, मग दिवा लागतो आणि रस्त्यात गाडी उभी करून रिजन करत, म्हणजे ती काजळी जाळत बसा.

तर दोन रस्ते आहेत. एक पार्किंग एसी, म्हणजे छतावर बसणारा 24 व्होल्टचा एसी, थेट बॅटरीवर चालतो, इंजिन बंद असलं तरी. दुसरा म्हणजे त्याला जोडून ऑटो स्टार्ट: बॅटरी एका पातळीच्या खाली गेली की इंजिन स्वतः चालू होणार, बॅटरी चार्ज करणार आणि स्वतः बंद होणार. ही कल्पना आपल्याकडची नाही. अमेरिकेत मोठ्या स्लीपर ट्रकमध्ये वर्षानुवर्षं आहे, डेट्रॉइट डिझेलचं ऑप्टिमाइज्ड आयडल म्हणून, त्यात केबिनचं तापमानही धरतात, ड्रायव्हरनं थर्मोस्टॅट लावला की इंजिन त्याप्रमाणे उठतं-झोपतं. तिथं त्याची गरजही जास्त, कॅलिफोर्नियात पाच मिनिटांच्या वर मोठी डिझेल गाडी नुसती चालू ठेवायला बंदी आहे, आणि 2008 पासूनच्या इंजिनांना तर आपोआप बंद होण्याची सोय कंपनीलाच द्यावी लागते, किंवा मग इंजिन आयडलवरही फार कमी प्रदूषण करतं हे सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे असं कोणी विचारत नाही, ढाब्यावर रात्री फिरा, दहातल्या चार गाड्या धडधडत असतात.

मी दोन्ही बसवलं. एसी फिटिंगसकट 72 हजार, ऑटो स्टार्टचं खोकं 14 हजार. दुकानदार म्हणाला, "भिया, टेंशन मत लो, छह महीने में पैसा वसूल, डीजल बचेगा।" ह्या डीझल बचेगावर मी पुढे येतो.

फिटिंगला अख्खा दिवस गेला. छत कापणं, रबर, सीलंट, हे काम एक नंबर. पहिल्याच पावसात बघितलं, एक थेंब आत नाही. कापलेल्या पत्र्याच्या कडेला त्या पोरानं आधी प्रायमर मारला, मगच रबर लावलं, मी न सांगता. वायर जाड वापरली, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकला, लग क्रिम्प करून वर स्लीव्ह चढवली. ही छोटी गोष्ट नाही बरं का, तीस-तीस अँपिअर तासन्‌तास ओढणाऱ्या वायरीचा सांधा ढिला असला तर केबिन पेटायला वेळ लागत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी वायर पिळून टेप गुंडाळतात आणि हो गया म्हणतात.

संध्याकाळी डेमो. नऊ वाजता दुकानासमोर गाडी उभी, एसी लावला, दहा मिनिटांत काका म्हणाले बाळ शाल दे. मी खूश, पैसे दिले. इथंच मी गाढवपणा केला. इंदूरच्या रात्रीवर एसीची परीक्षा घेतात का कोणी? आपलं माळव्याचं पठार साडेपाचशे मीटरवर, शब-ए-माळवा उगाच म्हणत नाहीत, मे महिन्यातही गच्चीवर पहाटे अंगावर घ्यावं लागतं. खरी परीक्षा मानपूरचा घाट उतरल्यावर. खाली निमाड लागलं, खलघाटला नर्मदा ओलांडली की हवा अशी येते जशी भट्टीचं दार उघडलंय. आणि पुढे बिजासन घाट उतरून शिरपूर-धुळं म्हणजे विचारूच नका.

पहिल्या ट्रिपला मी सोबत गेलो. सेटिंग आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. धुळ्याच्या अलीकडे ढाब्यावर थांबलो, पिठलं-भाकरी खाल्ली, रात्री अकराला केबिनात काटा 39 वर होता, म्हणजे बाहेरच्यापेक्षा जास्त, कारण दिवसभर तापलेला पत्रा रात्री आत उष्णता ओकत असतो. एसी चालू केला तर 30 अँपिअर ओढायला लागला आणि तासभर तिथंच अडकला, खाली येईना. मी वरच्या बर्थवर, काका खालच्या. बाराच्या सुमाराला कुठं गार वाटायला लागलं आणि डोळा लागला.

सव्वाला अचानक बीप-बीप-बीप, केबिन हललं, इंजिन सुरू. काका खडबडून उठले, उशाची टॉमी (लोखंडी कांब) हातात, थेट ड्रायव्हर सीटवर, "कोण आहे रे तू?" म्हणून ओरडले. गाडी चोरायला कोणीतरी सेल्फ मारला असं त्यांना वाटलं. मी वरून म्हणतोय काका मी आहे, काका मशीन आहे, पण टॉमी उगारलेलीच. शेजारचा राजस्थानचा गाडीवालाही जागा झाला आणि त्यानं जे काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचंही खरं होतं, आमच्या सायलेन्सरचं तोंड नेमकं त्याच्या खिडकीकडे.

तर ऑटो स्टार्टबद्दल कोणी सांगत नाही ते हे की आराम एसीनं मिळतो पण झोप इंजिन मोडतं. पहिला आठवडा काका प्रत्येक वेळी जागे होत. मग मी दुकानात फोन करून इंजिन उठण्याआधी वाजणारा बजर पंधरा सेकंदांवरून पाच सेकंदांवर आणला आणि त्यावर कापड चिकटवलं, आता म्हणतात की सवय झाली, कूस बदलतो. बजर पूर्ण काढून टाकायचा मोह होतो पण काढू नका, का ते पुढे कळेल.

दुसऱ्या रात्री, भिवंडीच्या गोडाऊनबाहेर, वेगळीच भानगड. दुकानानं कट-इन 22.8 व्होल्टवर ठेवला होता, म्हणजे बॅटरी 22.8 ला आली की इंजिन चालू. ऐकायला बरं वाटतं, एसी जास्त वेळ चालतो, इंजिन कमी वेळा उठतं. पण दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे प्रत्येक 11.4 वर. एसीचा लोड असताना काटा थोडा कमीच दाखवतो हे मान्य, तरी एवढ्या खाली गेलेल्या लेड अॅसिड बॅटरीत सहा सिलिंडरचं इंजिन फिरवायचा जीव कुठून येणार? पहाटे चारला बजर वाजला आणि मग नुसतं कट-कट, कट-कट. खोक्यानं तीनदा प्रयत्न केला आणि लाल दिवा लावून गप्प बसलं. एसी बंद, बॅटरी बसलेली, भिवंडीचा दमट उकाडा. सकाळी शेजारच्या गाडीवरून जंपर लावून निघालो.

मग मीच माहिती काढून 24.0 वर आणला, आणि एक अट टाकून घेतली की व्होल्टेज सलग तीन मिनिटं खाली राहिलं तरच सेल्फ मारायचा, नाहीतर कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर व्होल्टेज पडतं आणि इंजिन उगाच उठतं. तेव्हापासून एकदाही गाडी बसलेली नाही.

पण आता गणित बघा. आमच्या बॅटऱ्या 150 एएच (अँपिअर-तास), केबिन एकदा गार झालं की एसी 18 ते 20 अँपिअर ओढतो. म्हणजे पहिला गॅप सव्वादोन तासांचा मिळतो. मग इंजिन 45 मिनिटं चालतं, पण आयडलवर अल्टरनेटर त्याच्यावर लिहिलेला आकडा देतच नाही, तो मिळतो आरपीएम वाढल्यावर. आणि जे देतो त्यातलं निम्मं तर एसीच खाऊन टाकतो. त्यामुळे बॅटरी अर्धीमुर्धी भरते आणि पुढचे गॅप तासाभराचेच. सात तासांच्या झोपेत इंजिन तीनदा उठतं, एकूण सव्वादोन तास चालतं. दुकानदार सांगतो रात्रीतून एकदाच उठेगा, तर ते डिसेंबरात.

डिझेल मी टाकी गळ्यापर्यंत भरून मोजलं, तीन रात्री. आमच्या इंजिनाला आयडलवर तासाला साधारण दोन लिटर लागतं (अमेरिकेतली मोठी इंजिनं तीन लिटरच्या आसपास पितात). म्हणजे रात्रीचं साडेचार लिटर, चारशे रुपये. रात्रभर इंजिन चालू ठेवलं असतं तर चौदा लिटर, बाराशेच्या वर. दुकानदाराची बचत ती हीच, रोजचे आठशे. पण अरे बाबा, आमच्या गाडीला आधी एसीच नव्हता! काका इंजिन बंद करून ताडपत्रीवर मच्छरदाणी लावून झोपायचे, तेव्हा खर्च होता शून्य. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच एसी गाडी आहे आणि ड्रायव्हर रात्रभर चालू ठेवतो त्यांची बचत आहे, माझा हा निव्वळ वाढलेला खर्च आहे. मी तो खुशीनं करतोय, माणूस झोपला पाहिजे म्हणून, पण सहा महिन्यांत वसूल वगैरे फेकू नका.

आता शिरपूरची गोष्ट. जूनमध्ये पट्ट्याचा आवाज येत होता म्हणून काकांनी गाडी गॅरेजला घेतली. चावी काढून खिशात, केबिन टिल्ट केलं, मेकॅनिकचा हात पट्ट्यावर. एसी काकांनी सवयीनं चालूच ठेवलेला, आणि खोक्याची वायरिंग अशी की चावी काढली तरी ते जागंच असतं, त्याशिवाय रात्री इंजिन कसं उठवणार. व्होल्टेज खाली गेलं. बजर वाजला. काकांना तो आवाज आता झोपेतही ओळखू येतो, त्यांनी त्या पोराची कॉलर धरून मागे ओढलं आणि पुढच्या क्षणी पंखा फिरला. पोरगा जमिनीवर, हातातला दहा-अकराचा पान्हा लांब उडाला. पोराला खरचटलंसुद्धा नाही. पण मला फोनवर सांगताना काकांचा आवाज कापत होता.

ह्यासाठी केबिन टिल्टचा स्विच असतो, केबिन उचललं की सर्किट तुटलं. अमेरिकेतल्या सिस्टीममध्ये बोनेट बंद असल्याशिवाय इंजिन उठतच नाही, ही पहिली अट असते, त्यानंतर न्यूट्रल आणि पार्किंग ब्रेक. आमच्या दुकानानं न्यूट्रल आणि हँडब्रेकचे स्विच लावले, टिल्टचा लावला नाही. मी गाडी घेऊन गेलो, दुकानदार म्हणाला, "उसकी डिमांड नहीं आती भिया।" दोनशे-अडीचशे रुपयांचा स्विच. तेव्हा मी जे बोललो त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. शेवटी लावून दिला, वर एक मास्टर कट-ऑफही, लाल रंगाचा, दाराजवळ, आणि आता गॅरेजमध्ये शिरण्याआधी काका आधी तो पाडतात.

न्यूट्रलच्या स्विचचाही एक किस्सा आहे पण तो दुकानाच्या माथी मारत नाही. उतारावर गाडी उभी करताना गिअरमध्ये टाकून ठेवायची, चाकाला दगड लावायचा, ही चाळीस वर्षांची सवय. बिजासनच्या अलीकडे तसं केलं, मग खोकं म्हणालं गाडी गिअरमध्ये आहे, मी उठत नाही. बरोबरच आहे, गिअरमध्ये सेल्फ मारला असता तर गाडीनं पुढच्याच्या डाल्यात तोंड घातलं असतं. एसी बंद पडला, काका घामाघूम, पण हा दोष नाही. सपाटीवर लावा, चाकाला लाकूड लावा.

एक गोष्ट मात्र दुकानानं सांगायला हवी होती आणि सांगितली नाही, ती म्हणजे धूर. झोपलेल्या माणसाच्या खाली इंजिन आपोआप चालू होणार, तर सायलेन्सरचा एखादा जॉइंट फुंकत असेल तर तो गॅस केबिनात यायला कितीसा वेळ, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मी सगळे गॅस्केट तपासून घेतले, दीड हजाराचा सीओ अलार्म आणून बर्थजवळ लावला, आणि काकांना सांगितलंय की एका खिडकीची काच दोन बोटं खाली ठेवायची, मच्छर आले तर येऊ देत. गाडी भिंतीला मागून चिकटवून लावायची नाही. हे नसेल तर ऑटो स्टार्ट बसवूच नका, घामात झोपलेलं परवडलं.

आणि सगळ्यात जास्त फरक कशानं पडला माहितीये? खोक्यानं नाही. छताच्या आतून मी फॉइल लावलेला फोम चिकटवून घेतला, राजवाड्याजवळच्या एका कुशनवाल्याकडून, साडेतीन हजारात, आणि समोरच्या काचेला आतून जाड पडदा, बर्थला वेगळा पडदा म्हणजे एसीला अख्खं केबिन गार करावं लागत नाही, फक्त झोपायची खोली. तासभर 30 वर अडकणारा एसी आता वीस मिनिटांत 18 वर येतो. काका तर त्याच्याही पुढचे, संध्याकाळी छतावर दोन बादल्या पाणी ओततात, पूर्वी ओलं बारदान टाकायचे तसं. गाडीचं तोंड पश्चिमेला करून उभी करतात, म्हणजे सकाळचं ऊन काचेतून येत नाही. हे सगळं केल्यापासून इंजिन रात्री तीनऐवजी दोनदाच उठतं. मी हे आधी केलं असतं आणि खोकं नंतर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बीएस 6 गाडीवाल्यांनी मात्र असलं बाहेरचं खोकं लावताना दहा वेळा विचार करा, त्या गाडीत सगळं ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या हातात असतं, सेल्फच्या वायरीला हात लावला तर वॉरंटीवाले हात वर करतील. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. आणि केमिकल किंवा गॅसच्या प्लांटमध्ये माल न्यायचा असेल तर गेटवरच मास्टर स्विच पाडा, तिथं यार्डात इंजिन आपोआप उठलं तर वॉचमन पुढे काहीही ऐकून घेणार नाही, घेऊही नये.

मार्क द्यायचे तर एसीला दहापैकी आठ, फिटिंगच्या हाताला नऊ, ऑटो स्टार्टला सहा, दुकानदाराच्या सांगण्याला दोन. काका ह्या मेमध्ये धुळ्याहून एकदाही दहाला निघाले नाहीत, साडेपाचला चहा पिऊन रस्त्यावर असतात.

दुसऱ्या गाडीला मी ऑटो स्टार्ट लावणार नाहीये. तिथं एसीसाठी वेगळी लिथियम बॅटरी टाकायचा विचार आहे, 24 व्होल्ट 200 एएच, सेल्फच्या बॅटरीला हातच लावायचा नाही. 18 अँपिअरनं सात तास म्हणजे सव्वाशे एएच, इंजिन न उठवता रात्र निघते. बॅटरीचंच कोटेशन ऐंशी हजाराचं आलंय, त्यामुळे दिवाळीनंतर बघू. त्याच दुकानात विचारलं, कारण पत्र्याचं काम तसं दुसरीकडे कोणी करत नाही. परवा त्यांनी छापील कोटेशन दिलं, ऑटो स्टार्टही जबरदस्तीनं त्यात घातलेलाच, आणि खाली ठळक अक्षरात: टिल्ट स्विच फ्री.